“पडून ऱ्हा” म्हणणाऱ्यांसाठी

लॉकडाऊनचा विषय निघाला की लोक अजून थाळ्या आणि डालगोना कॉफीवर हसतात. आम्हा एमएसवाल्यांचे पाय त्या काळात थांबले आणि पाठोपाठ मनही बसलं, त्याची कुणी आठवण काढत नाही.

एमएसमध्ये, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरच्या मायलिनच्या आवरणावर उलटते. बाहेरून दिसत काहीच नाही. म्हणून आमच्या बेळगावातल्या शहापुरात “बरी तर दिसतेस की!” हे ठरलेलं. मार्च २०२० पासून त्यात “बाहेर जाऊ नको, पडून ऱ्हा”ची भर पडली. भीती खोटी नव्हती. रिटक्सिमॅबसारखी, रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना कोविड जड जाण्याचा धोका जास्त, लसही कमी लागू पडते. पण बाहेर न पडणं वेगळं आणि पडून राहणं वेगळं.

एके काळी डॉक्टरही आरामच सांगायचे. कारण अंग तापलं की नजर धूसर होते, पाय जड होतात; त्यातलं श्रमानंतर नजर धूसर होणं उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्येच नोंदवलंय. पण अंग निवलं की ते उतरतं, त्यानं आजार वाढत नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत एमएसच्या रुग्णांकडून १५ आठवडे व्यायाम करून घेतला, तर दमसास वाढलाच, शिवाय मधल्या काळात उदासी आणि रागही कमी झालेला दिसला. हे आमच्या गल्लीत अजून पोचायचंय!

माझे न्यूरॉलॉजिस्ट कोल्हापूरचे. २०२० मध्ये प्रवासाचा पास, २०२१ मध्ये राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा रिपोर्ट. बेळगावच्या माणसानं बेळगावात परत यायला! सीमाप्रश्नावरची भाषणं लहानपणापासून ऐकली, पण औषधाची पिशवी घेऊन तिथं ताटकळल्यावर तो नीट समजला.

शेवटी फिजिओथेरपी फोनवर आली. तांदळाच्या डब्याला फोन टेकवायचा, मानेवर ओला पंचा, आणि हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं. मग थांबायचं. पुन्हा उठायचं. मांड्या थरथरायच्या, पण त्या दिवशी चहाला चव असायची. व्यायाम चुकला की दुपारपासूनच सगळं नकोसं व्हायचं.

आणि त्यावर घरोघरचं औषध काय, तर “मन घट्ट कर.” अहो, एमएसच्या जवळजवळ निम्म्या लोकांना कधी ना कधी नैराश्य गाठतं, आणि त्यात मेंदूतल्या जखमांचाही वाटा असतो. मन घट्ट करून मायलिन भरून येत नाही. गोळी लागली तर घ्यावी, बोलावंसं वाटलं तर बोलावं. २०२२ पासून टेलि-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६ वर, मराठीतही बोलता येतं. मला कन्नड चांगलं येतं, पण रडायला मराठीच लागते.

खानापूर, निपाणी, चंदगडकडचं कुणी एमएसचं असेल तर मला निरोप द्या. ऊन चढायच्या आत, सकाळी सहाला व्हिडिओ कॉलवर एकत्र व्यायाम करू. खुर्ची मात्र बिनचाकाची घ्या.