टर्नरला डोलकाठीला बांधलं कुणी?

दर पावसाळ्यात ती पोस्ट परत येते. वर वादळात गरगरणाऱ्या आगबोटीचं चित्र आणि खाली मजकूर : इंग्लंडचा थोर सागरचित्रकार टर्नर याने हे चित्र काढण्यासाठी स्वतःला चार तास डोलकाठीला बांधून घेतलं. कलेपायी त्याने वेड्या आईला इस्पितळात टाकलं आणि युरोपभर फिरत राहिला, सख्ख्या बापाला नोकर केलं, संसार-मुलंबाळं काही केलं नाही, आणि सगळी दौलत देशाला देऊन एकटाच मेला. शेवटी ‘याला म्हणतात समर्पण’ आणि जोडलेले हात. यंदा ती आमच्या घरच्या ग्रुपवर मामाने टाकली. मामाला उत्तर द्यायचं तर नीट द्यावं, म्हणून हे लिहितोय.

आधी डोलकाठी. चित्र खरं आहे. १८४२ साली लंडनमधल्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या प्रदर्शनात ते लागलं, आणि त्याच्या लांबलचक नावातच टर्नरने लिहून ठेवलं की एरियल बोट हॅरिच बंदरातून निघाली त्या रात्री मी या वादळात होतो. पण त्या सुमाराला एरियल नावाची बोट हॅरिचहून निघून अशा वादळात सापडल्याची नोंद अभ्यासकांना मिळालेली नाही. टर्नर तेव्हा ६७ वर्षांचा होता. या वयाच्या म्हाताऱ्याला बर्फाच्या वादळात खलाशी चार तास बांधून ठेवतील?

बांधल्याची गोष्ट आली कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. किंग्जली नावाच्या एका पाद्रीने ती कलासमीक्षक रस्किनला सांगितली आणि रस्किनने छापली. पाद्री टर्नरला म्हणाला, तुमचं ते चित्र माझ्या आईला फार आवडलं. टर्नर म्हणाला, ते कुणाला समजावं म्हणून काढलेलंच नाही, आणि मग त्याने डोलकाठीचा किस्सा सांगितला. पाद्री म्हणाला, आई एकदा अशाच वादळातून गेली होती, तिला सगळं आठवलं. टर्नरने विचारलं, तुमची आई चित्रकार आहे का? नाही म्हटल्यावर म्हणतो, मग तिने त्या वेळी दुसरा काहीतरी विचार करायला हवा होता. आता या सूरात बोलणारा माणूस शपथेवर साक्ष देतोय की समोरच्याची फिरकी घेतोय, ते ज्याचं त्याने ठरवावं. शिवाय हाच किस्सा आधीच्या शतकातल्या जोसेफ व्हेर्ने या फ्रेंच सागरचित्रकाराबद्दल सांगितला जायचा. त्याच्या नातवाने, ओरास व्हेर्नेने, १८२२ मध्ये आजोबा डोलकाठीला बांधलेले असं चित्रही काढलं होतं. टर्नर समुद्रावर गेलाच नाही असं मात्र मी म्हणत नाही. खूप गेला, बोटीत बसून वह्या भरल्या. दोरखंड तेवढा उसना आहे.

‘बापाला नोकर केलं.’ यावर मला खरा राग येतो, कारण इथे गोष्ट उलटीच आहे. बाप विल्यम टर्नर हा लंडनमध्ये कव्हेंट गार्डनच्या मेडन लेनमधला न्हावी, केसांचे टोपही बनवायचा. पोराची चित्रं त्याने दुकानात टांगली आणि एक ते तीन शिलिंगांना विकली. गिऱ्हाईक दाढीला बसलं की चित्र दिसणारच! पुढे टोपांची फॅशन ओसरली, १७९५ मध्ये केसांच्या पावडरीवर सरकारने वर्षाला एक गिनी कर बसवला, आणि म्हातारा धंदा आवरून मुलाकडे राहायला आला. कॅनव्हास ताणायचा, चित्र झालं की वॉर्निश लावायचा. बाबाच माझी चित्रं सुरू करतात आणि संपवतातही, ही टर्नरची नेहमीची थट्टा. लंडनबाहेर ट्विकनमला घर बांधल्यावर म्हातारा रोज लंडनला गॅलरी उघडायला जायचा. गाडीभाडं परवडेना म्हणून कुरकुरायचा, आणि एक दिवस भलताच खूष दिसला. भाजीवाल्याच्या गाडीवर, भाजीच्या ढिगावर बसून जायची सोय लावली होती, मोबदल्यात भाजीवाल्याला ग्लासभर जिन. हे नोकराचं वागणं वाटतं? घरच्या पेढीवर बसलेला बाप असाच वागतो.

आणखी एक पुरावा. टर्नर रॉयल अकॅडमीत यथादर्शनाचा, म्हणजे चित्रात खोली आणि अंतर दाखवण्याच्या शास्त्राचा, प्राध्यापक होता. १८१२ मध्ये त्याचं व्याख्यान चालू असताना जॉन लिनेल या चित्रकाराने श्रोत्यांत बसलेल्या म्हाताऱ्याचं पेन्सिलने रेखाचित्र काढलं आणि त्याच कागदावर टर्नरचे नुसते डोळे. नोकर मागच्या दाराशी उभा असतो हो, सभागृहात बसून मुलाचं व्याख्यान ऐकत नाही. १८२९ मध्ये बाप गेला तोवर दोघं जवळजवळ तीस वर्षं एकत्र होते.

आईचा मुद्दा अवघड आहे. मेरी मार्शल खाटकांच्या घराण्यातली. धाकटी मुलगी १७८३ मध्ये पाच वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा गेली. आईची प्रकृती बिघडत गेली, आणि पोराला ब्रेंटफर्डला खाटीक मामाकडे धाडलं. १७९९ मध्ये आईला सेंट ल्यूक्स या वेड्यांच्या इस्पितळात, पुढच्या वर्षी बेथलेम या तशाच इस्पितळात ठेवलं. ती १८०४ मध्ये तिथेच वारली. पण ‘टाकून युरोपभर फिरला’ हे साफ खोटं. तिला ठेवलं तेव्हा फ्रान्सशी युद्ध चालू होतं आणि टर्नर युरोपात पहिल्यांदा गेला तो १८०२ मध्ये. शिवाय तिचा नवरा जिवंत होता, निर्णय एकट्या मुलाचा कसा होईल? तरी त्याला पूर्ण सोडवणार नाही. आईबद्दल तो जन्मभर गप्पच राहिला.

मुलंबाळं नाहीत म्हणे! लग्न केलं नाही हे खरं, पण एव्हलिना आणि जॉर्जियाना या दोन मुली त्याच्या मानल्या जातात. त्यांची आई सारा डॅनबी, एका संगीतकाराची विधवा. आणि एकटा तर मुळीच मेला नाही. शेवटची वर्षं लंडनच्या चेल्सीत मिसेस बूथ या विधवेबरोबर गेली. शेजारी त्याला ‘ॲडमिरल बूथ’ समजायचे. १९ डिसेंबर १८५१ ला तिच्याच घरात त्याने प्राण सोडला.

राहिली दौलत. सुमारे १,४०,००० पौंड. चित्रं देशाला द्यायची त्याची इच्छा होतीच, पण पैसा गरीब वृद्ध चित्रकारांच्या निवाऱ्यासाठी ठेवला होता. चुलत-मावस नातेवाइकांनी मृत्युपत्राला आव्हान दिलं आणि १८५६ च्या तडजोडीत चित्रं देशाला गेली, पैशाचा मोठा वाटा नातेवाइकांना. निवारा बांधलाच गेला नाही. त्या निवाऱ्यासाठी टर्नरने अट घातली होती : चित्रकार इंग्रज आईबापांचा आणि औरस असावा. दोन अनौरस मुलींच्या बापाने.