‘लहान फोन घेतला की फसलात’ : फिरत्या मजकुराचा हिशेब

लग्नसराई नाहीतर दिवाळी जवळ आली, की सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हटकून फिरायला लागतो. त्याचा मथितार्थ असा: लहान फोन म्हणजे कंपनीनं काटछाट केलेला माल. त्याची बॅटरी दुपारीच बसते, बारीक अक्षरांनी डोळे जातात, कॅमेरा दुय्यम असतो, उन्हात तापतो आणि विकायला काढला तर कुणी विचारत नाही. म्हणून पन्नास हजार जास्त गेले तरी चालतील, पण घ्यायचा तर मोठाच. यातल्या दोन गोष्टींत तथ्य आहे. त्या कुठल्या, ते ओघात येईलच.

आधी ‘काटछाट’ बघू. जानेवारी २०२५ मध्ये भारतात रेडमी १४सी आला. किंमत ९,९९९ रुपयांपासून, स्क्रीन ६.८८ इंच. त्याच महिन्यात जाहीर झालेल्या सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२५ अल्ट्राची स्क्रीन ६.९ इंच आणि किंमत १,२९,९९९ पासून. म्हणजे इंच जवळपास तेवढेच आणि किंमत तेरापट. खरं तर दहा-बारा हजारांत साडेसहा इंचांच्या आतला नवा फोन नवी पेठेत शोधून बघा, मिळणं मुश्कील. मोठं साधं एलसीडी पॅनेल स्वस्त पडतं. तीच प्रोसेसर-कॅमेऱ्याची सामग्री कमी जागेत बसवायची तर खर्च वाढतो. रेडमीच्या त्या स्क्रीनवर एका इंचात साधारण २६० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, येतात, तर ६.२ इंची गॅलेक्सी एस२५ वर ४१६.

हा एस२५ (आला तेव्हा ८०,९९९ पासून) आणि त्याचा मोठा भाऊ अल्ट्रा, दोघांत स्नॅपड्रॅगन ८ एलीट हाच प्रोसेसर, १२ जीबी रॅम आणि सात वर्षांचे अपडेट आहेत. आदल्या वर्षी मात्र असं नव्हतं. भारतात विकलेल्या एस२४ मध्ये सॅमसंगचा स्वतःचा एक्झिनॉस २४०० प्रोसेसर होता आणि अल्ट्रामध्ये स्नॅपड्रॅगन ८ जेन ३. त्यामुळे ‘आत सगळं सारखंच’ हे दुकानदाराचं वाक्यही तपासूनच घ्यावं. खोक्यावरची इंचांची संख्या सोडून प्रोसेसरचं नाव आणि अपडेटची वर्षं विचारावीत.

आता बॅटरी. या मजकुराचा सगळा जोर इथंच आहे. एस२५ ची बॅटरी ४,००० एमएएच (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप), अल्ट्राची ५,०००. म्हणजे २० टक्के कमी, हे खरंच. पण बॅटरी खाणाऱ्यांत स्क्रीन सगळ्यात पुढं असते, आणि ६.२ इंची स्क्रीनचं क्षेत्रफळ ६.९ इंचीपेक्षा १९ टक्के कमी भरतं. त्यात अल्ट्राला पिक्सेलही जास्त ढकलावे लागतात. तेव्हा नुसता एमएएचचा आकडा वाचून ‘दुपारी बसणार’ म्हणता येत नाही. शिवाय लहान फोनला लहानच बॅटरी, हेही आता राहिलेलं नाही. २०२५ मध्येच भारतात आलेला वनप्लस १३एस ६.३२ इंची आहे आणि त्यात ५,८५० एमएएच बॅटरी आहे. विवो एक्स२०० एफई ६.३१ इंची आणि बॅटरी ६,५०० एमएएच. दोन्ही फोन १८५ ग्रॅमच्या आसपास, आणि दोन्हींची बॅटरी २१८ ग्रॅमच्या अल्ट्रापेक्षा मोठी. यामागं सिलिकॉन-कार्बन बॅटरी आहे. नेहमीच्या बॅटरीच्या ऋण टोकाला नुसतं ग्रॅफाइट असतं. त्यात सिलिकॉन मिसळलं की तेवढ्याच जागेत जास्त लिथियम साठतं.

दुपारपर्यंत बॅटरी उतरते त्याची कारणं बहुतेकदा वेगळीच निघतात. शहराबाहेर टॉवर विरळ झाले की फोनला ताकद लावून सिग्नल पाठवावा लागतो, फाइव्ह-जी आणि फोर-जीमध्ये सारखी उडी मारावी लागते. अशा वाटेवर रोज जाणाऱ्यानं मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क मोड फोर-जीवर ठेवून बघावा. दुसरं कारण ऊन. उन्हात ब्राइटनेस आपोआप टोकाला जातो आणि बॅटरी धो-धो वाहते. तिसरं खास आपल्याकडचं. पूर्व भागात यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या खिशातल्या फोनच्या चार्जिंगच्या भोकात सुताची धूळ दाबून बसते. केबल शेवटपर्यंत आत जात नाही, चार्जिंग तुटत-तुटत होतं आणि दोष बॅटरीच्या माथी येतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं ती धूळ हलक्या हातानं काढावी. टाचणी किंवा सेफ्टी पिन घालू नये, आतल्या पट्ट्या वाकतात.

लहान बॅटरीचा एक तोटा मात्र मान्य करायला हवा. तेवढ्याच वापराला तिची चार्जिंगची आवर्तनं जास्त होतात, त्यामुळं ती थोडी आधी म्हातारी होते. घरी-दुकानात चार्जर हाताशी असेल तर सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावून ठेवावी. बाहेर असाल तर १०,००० एमएएचची पॉवर बँक एस२५ ला दीड-पावणेदोन वेळा भरते. पूर्ण अडीच वेळा भरत नाही, कारण व्होल्टेज बदलताना आणि उष्णतेत काही भाग जातो.

‘बारीक अक्षरांनी डोळे जातात’ यात इंचांची गल्लत आहे. इंच मोजतात कर्णावर, आणि ओळीत किती शब्द मावणार ते ठरतं रुंदीवर. २०१७ चा साडेपाच इंची रेडमी नोट ४ तेव्हा मोठा फोन समजला जायचा. त्याची स्क्रीन ६८ मिलिमीटर रुंद होती. २०२५ च्या ६.२ इंची एस२५ ची ६६ आहे आणि ६.९ इंची अल्ट्राची ७३. वाढलेले इंच बरेचसे उंचीत गेलेत. दुसरं असं, की ॲन्ड्रॉइडमध्ये अक्षराचा प्रत्यक्ष आकार दोन्ही फोनवर मुळात जवळपास सारखाच ठेवलेला असतो. मोठ्या स्क्रीनवर मजकूर जास्त मावतो, अक्षर आपोआप मोठं होत नाही. चाळिशी लागलेल्यानं डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये फॉन्ट साइज दोन पायऱ्या वाढवावा, आणि व्हॉट्सॲपमध्ये चॅट्सखालीही तो वेगळा वाढवता येतो. डोळ्यांवरचा ताण येतो तो फोन नाकाशी धरल्यानं आणि पापण्या कमी मिटल्यानं. ३०-४० सेंटिमीटर अंतर ठेवलं की बरंच हलकं वाटतं. हां, रोज तास-दोन तास क्रिकेट किंवा सिनेमा फोनवरच बघणाऱ्यानं मोठा घ्यावा.

कॅमेऱ्याच्या मुद्द्यात मजकूर अर्धा बरोबर आहे. सॅमसंगमध्ये फरक खराच आहे: अल्ट्राला ५ पट झूमची ५० मेगापिक्सेलची वेगळी लेन्स आहे, एस२५ ला ३ पट झूमची १० मेगापिक्सेलची. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरचं दारूकाम लांबून टिपायचं तर तो फरक दिसतो. पण हा नियम सगळ्या कंपन्यांना लागू नाही. आयफोन १६ प्रो आणि प्रो मॅक्स, गुगलचे पिक्सेल ९ प्रो आणि प्रो एक्सएल या जोड्यांत लहान-मोठ्याचे कॅमेरे एकच आहेत. ‘२०० मेगापिक्सेल’ला तर भुलूच नये, तो कॅमेरा एरवी १६ पिक्सेलांचा एक करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो.

तापण्याबद्दल दुसरं तथ्य. लहान फोनला उष्णता सोडायला पृष्ठभाग कमी, त्यामुळं तासभर बीजीएमआयसारखा जड गेम खेळला तर तो आधी मंदावतो. गेम खेळणाऱ्यानं हा मुद्दा गंभीरपणे घ्यावा. बाकीच्यांसाठी सोलापूरचा उन्हाळा हाच मोठा शत्रू. ॲपल आपले फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतं, आणि आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असतो. त्या दुपारी गाडीच्या होल्डरवर नकाशा चालू, चार्जिंग चालू आणि वर ऊन, असं केलं तर दीड लाखाचा फोनही स्क्रीन मंद करून चार्जिंग थांबवतो. मोटरसायकलच्या कंपनांनी कॅमेऱ्याचं स्थिरीकरण बिघडू शकतं, असा इशाराही ॲपलनं २०२१ मध्ये दिला होता. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवू नये, आत दव धरतं. कव्हर काढून पंख्याखाली ठेवला तरी पुरतं.

विक्रीच्या किमतीचा मुद्दा अगदी किरकोळ. दोन्ही फोन तीन वर्षांनी निम्म्या किमतीला गेले असं धरलं, तर एस२५ वर चाळीस हजार बुडतात आणि अल्ट्रावर पासष्ट. काच फुटली तर मोठ्या पॅनेलचं बिलही मोठं येतं.

हाताबद्दल मात्र त्या मजकुरात चकार शब्द नाही. एस२५ ७०.५ मिलिमीटर रुंद आणि १६२ ग्रॅम, अल्ट्रा ७७.६ मिलिमीटर आणि २१८ ग्रॅम. घरी जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापा, एक १४७ बाय ७०.५ आणि दुसरा १६३ बाय ७७.६ मिलिमीटर. दुसऱ्या हातात पिशवी धरून एकेका तुकड्याच्या समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत अंगठा नेऊन बघा. पकड न बदलता निम्म्या उंचीपर्यंतही अंगठा जात नसेल, तर तो फोन दोन हातांचा आहे. मापताना कव्हरचे तीन-चार मिलिमीटर रुंदीत आणि तीस-चाळीस ग्रॅम वजनात धरा.