हिमालयातलं एकच गाव धरा

नाशिकहून हिमालयात जायचं ठरलं की पहिली चर्चा हॉटेल किती स्वस्त मिळेल याची होते. माझ्या मते सुरुवातच तिथे चुकते. डोंगरात पैसा खोलीवर जात नाही, गाडीवर जातो. सात दिवसांत पाच ठिकाणं करायची म्हणजे टॅक्सी सगळे दिवस दारात उभी, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा, आणि रोजचा अर्धा दिवस सामान बांधण्या-सोडण्यात. खर्च कमी करायचा असेल तर एकच गाव धरा, चार रात्री तिथेच राहा, आणि तिथपर्यंत एसटीने जावं तसं रेल्वे, बस आणि शेअर जीपने जा.

उदाहरणाला उत्तराखंडातलं सारी गाव घेते. रुद्रप्रयाग जिल्ह्यात, ऊखीमठच्या पुढे बारा-तेरा किलोमीटरवर, साधारण २,००० मीटर उंचीवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे या गावातली पोरं कळसूबाईच्या माथ्याहूनही उंचावर शाळेत जातात. इथून देवरियाताल हा तलाव पायवाटेने अडीच-तीन किलोमीटर चढून येतो, आणि चोपत्यापर्यंत गाडीने जाऊन तिथून वर तुंगनाथाचं मंदिर एका दिवसात जाऊन-येऊन होतं. घराघरांत होमस्टे आहेत. चार दिवसांना एवढं पुरून उरतं.

आता तारखा. शुक्रवारी दुपारनंतर नाशिक रोडहून मंगला एक्स्प्रेस धरायची, शनिवारी दुपारी हजरत निजामुद्दीन. स्टेशनाला लागून सराय काले खां मेट्रो आहे. पिंक लाइनने लाजपत नगर, तिथे बदलून व्हायोलेट लाइनने थेट कश्मीरी गेट. रिक्षावाल्यांशी घासाघीस करायची गरज नाही. कश्मीरी गेटच्या बसस्थानकावरून ऋषिकेशच्या बस रात्रभर सुटतात, सहा-सात तास लागतात. रात्री दहाच्या आसपासची बस घ्या म्हणजे पहाटे पोचाल. डोंगरात जाणाऱ्या बस पहाटे चार ते सातच्या दरम्यानच सुटतात, कारण रात्रीच्या अंधारात त्या रस्त्यांवर प्रवासी गाड्या चालवत नाहीत. आठला ऋषिकेशात उतरलात तर थेट बस गेलेली असते आणि एक मुक्काम फुकट वाढतो. रेल्वे दिल्लीला दोन-तीन तास उशिरा आली तरी हाताशी वेळ राहतो, म्हणून मंगला. फक्त ती कोकण रेल्वेवरून येते, तेव्हा पावसाळी वेळापत्रकाच्या महिन्यांत वेळ तपासून घ्या.

ऋषिकेशहून ऊखीमठची थेट बस मिळाली तर उत्तम. नाही तर रुद्रप्रयागपर्यंत बस (सुमारे १४० किलोमीटर, पाच तास धरा), तिथून शेअर जीपने कुंड गावावरून ऊखीमठ, आणि पुढे सारी. शेअर जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि दुपारी तीन-चारनंतर भरतही नाही. म्हणून रुद्रप्रयागला जेवणात तासभर घालवू नका. ऊखीमठ ते सारी हा शेवटचा तुकडा सगळ्यात बेभरवशाचा. होमस्टेवाल्याला सकाळीच फोन करून सांगून ठेवलं तर तो ओळखीची गाडी थांबवून ठेवतो. पूर्ण दिवस वळणांचा आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या बाजूला बसावं, पोट हलकं ठेवावं, ओकारीची गोळी बस सुटायच्या अर्धा तास आधी घ्यावी. देवप्रयागच्या वळणांवर घेतलेल्या गोळीचा उपयोग होत नाही.

रविवारी संध्याकाळी सारीत. सोमवारी पहाटे उठून देवरियाताल: ७,१३८ मीटरच्या चौखंबा शिखराचं प्रतिबिंब पाण्यात बघायचं तर सकाळीच, ऊन चढलं की ढग वर येतात आणि वाऱ्याने पाणीही हलतं. तलाव वनखात्याच्या हद्दीत आहे, तिथे शुल्क भरावं लागतं. तुंगनाथ मंगळवारी ठेवा, सोमवारी नको. तुंगनाथ ३,६८० मीटरवर, त्यावरची चंद्रशिला ४,००० मीटरच्या आसपास. नाशिक सहाशे मीटरवर. दोन रात्री सारीत झोपून मग वर गेलं की शरीराला थोडी सवय झालेली असते. तरीही डोकं ठणकायला लागलं, मळमळ थांबेना, चालताना तोल जायला लागला तर चंद्रशिला सोडा आणि खाली उतरा. उंची कमी करणं हाच त्यावरचा खरा उपाय आहे. चोपत्यापासून तुंगनाथ साडेतीन-चार किलोमीटर, फरसबंद वाट. जायच्या आधी महिनाभर दर रविवारी अंजनेरी किंवा ब्रह्मगिरी केलात तर पायांची तक्रार राहणार नाही. बुधवार मोकळा ठेवा. पाऊस आला, ढग बसले, कुणाला ताप आला, तर हा दिवस कामी येतो. काही झालं नाही तर ऊखीमठचं ओंकारेश्वर मंदिर बघा. केदारनाथची पूजा हिवाळ्यात तिथेच होते.

गुरुवारी पहाटे निघून संध्याकाळी ऋषिकेश, रात्रीच्या बसने शुक्रवारी सकाळी दिल्ली. इथे बहुतेकांची चूक होते. मंगला आणि पंजाब मेल दोन्ही परतीला दिल्लीहून भल्या पहाटे सुटतात. त्यांचं तिकीट काढलं आणि वाटेत कुठे दरड आली, की गाडी गेलीच. त्यापेक्षा दुपारची गोवा एक्स्प्रेस किंवा रात्रीची कर्नाटक एक्स्प्रेस मनमाडपर्यंत काढा. मनमाडहून नाशिक सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, घरचंच अंगण. शनिवारी घरी, रविवार धुणं आणि झोपेला. सुट्ट्या लागतात पाच, शिवाय निघायच्या शुक्रवारचा अर्धा दिवस.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी बसा. वेटिंगचं ई-तिकीट चार्ट लागताना कन्फर्म झालं नाही तर आपोआप रद्द होतं, त्यावर गाडीत चढता येत नाही. तत्काळच्या भरवशावर बेत आखू नका. आखलाच तर आयआरसीटीसीचं खातं आधारशी आधी जोडून घ्या, जुलै २०२५ पासून त्याशिवाय ऑनलाइन तत्काळ मिळत नाही.

खर्चाचा अंदाज माणशी, चौघे मिळून जाताय असं धरून: स्लीपरने येऊन-जाऊन १,४००, दिल्ली-ऋषिकेश साधी बस दोन्ही वेळचे ९००, ऋषिकेश-सारी दोन्ही वेळचे १,३००, चार रात्रींचा होमस्टे दोन वेळच्या जेवणासह ४,०००, चोपत्याच्या गाडीचा वाटा ८००, वाटेतलं खाणं, मेट्रो आणि शुल्क मिळून १,२००. झाले ९,६००. वर २,००० राखीव ठेवाच. रस्ता बंद पडला तर एक रात्र आणि एक जास्तीची जीप त्यातच निघते. थर्ड एसीने गेलात तर आणखी दोनेक हजार. दोघेच असाल तर चोपत्याच्या गाडीचा वाटा दुप्पट होतो, म्हणून चार हा आकडा खरा सोयीचा.

होमस्टेला फोन कराल तेव्हा भाडं शेवटी विचारा. आधी विचारा की जेवण धरून किती, गरम पाण्याच्या बादलीचे पैसे वेगळे का, संडास खोलीला जोडून आहे का. सगळे पैसे आधी पाठवू नका, थोडी आगाऊ रक्कम पुरते. आणि जेवणात पनीर मागू नका, कळकळीने सांगते. मंडुव्याची रोटी म्हणजे आपली नाचणी, गहत म्हणजे कुळीथ, झंगोरा आपल्या भगरीचा भाऊबंद. तिथे पिकतं ते ताजं आणि स्वस्त मिळतं. पनीर खालून गाडीने येतं आणि त्याचे पैसे तुम्ही भरता.

रोख पैसे ऋषिकेशातच काढा. ऊखीमठला एटीएम आहे, पण वीज गेली किंवा पैसे संपले तर पुढे काही नाही, आणि नेटवर्क नसलं की यूपीआय चालत नाही. माणशी चार-पाच हजार रोख, त्यात शंभर-दोनशेच्या नोटा जास्त. जीपवाल्याकडे पाचशेचे सुटे नसतात.

कपड्यांत जाड स्वेटर एकच नेऊ नका. आत थर्मल, मधे फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. सुती बनियन घामाने भिजलं की वाळत नाही आणि थंडी तिथूनच शिरते. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमध्ये टोपी, हातमोजे, लोकरी मोजे कमी पैशांत होतात. बूट मात्र नवे घालून जाऊ नका, महिनाभर पायात मुरलेले हवेत.

कधी जावं? एप्रिल किंवा ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य. एप्रिलमध्ये बुरांशाची झाडं (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेली असतात, अख्खं जंगल लाल. पण तेव्हा तुंगनाथाची कपाटं, म्हणजे मंदिराची दारं, बहुधा बंद असतात. उघडण्याची तारीख बैसाखीला आणि बंद होण्याची दसऱ्याला जाहीर होते. दर्शन हवंच असेल तर ऑक्टोबर. मे-जूनमध्ये जाऊ नका. केदारनाथ-बद्रीनाथची सगळी वाहतूक रुद्रप्रयागपर्यंत याच रस्त्याने जाते, आणि सिंहस्थात त्र्यंबक रस्त्याचं काय होतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. जूनअखेर ते सप्टेंबरचा मध्य तर पूर्ण टाळा. दरडी कोसळतात, रस्ता दोन तासांनी सुटेल की दोन दिवसांनी ते कुणालाच ठाऊक नसतं.

चिवडा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्या, रेल्वेतले दोन्ही दिवस त्यावर निघतात. रिकाम्या पिशव्या आणि बाटल्या मात्र गावात टाकू नका. सारीत घंटागाडी येत नाही. दिल्लीपर्यंत त्या बॅगेतच राहू द्या.