‘पासपोर्ट दाखवा, २० टक्के परत घ्या’: या मेसेजमधलं किती खरं?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की हा मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. परदेशात दुकानात पासपोर्ट दाखवला की २० टक्के टॅक्स परत मिळतो. हॉटेल, जेवण, खरेदी, सगळी बिलं जपून ठेवा. लंडनला सगळ्यात जास्त फायदा. विमानतळावर बोर्डिंगच्या आधी काउंटरवर बिलं दिली की रोख हातात. तिकडे राहणाऱ्या भावाबहिणींची खरेदीही आपल्याच पासपोर्टवर करा. आणि माल ‘टॅक्स फ्री’ असल्यामुळे मुंबईला कस्टमची भानगड नाही. शेवटी अर्थातच ‘जास्तीत जास्त लोकांना पाठवा’.

पाठवू नका. काही देशांत पर्यटकांना कर परत मिळतो, एवढं यात खरं आहे. बाकीचं ऐकून गेलात तर पैसे राहतील बाजूला, विमान चुकायची वेळ येईल.

आधी हा परतावा कशासाठी असतो ते बघू. व्हॅट हा त्या देशात वापरल्या जाणाऱ्या मालावरचा कर. माल देशाबाहेर गेला की ती निर्यात, आणि निर्यातीवर हा कर लावत नाहीत. म्हणजे पॅरिसमध्ये पर्स घेऊन पुण्याला येणारी बाई फ्रान्सच्या हिशेबी एक छोटी निर्यातदार आहे. त्यामुळे तिथलं सरकार तीनच गोष्टी बघतं: तुम्ही तिथले रहिवासी नाही ना, माल खरंच बाहेर चाललाय ना, आणि तो कोरा चाललाय ना. आपण भारतीय आहोत, पाहुणे आहोत म्हणून दिलेली ती सवलत नव्हे. मेसेजमधला जवळपास प्रत्येक मुद्दा या तीनपैकी एका प्रश्नावर अडकतो.

‘२० टक्के परत मिळतो’

इथे गणितच चुकलंय. फ्रान्समध्ये व्हॅट २० टक्के आहे, पण तो मूळ किमतीवर. दुकानातल्या चिठ्ठीवरची किंमत कर धरून असते. ६०० युरोच्या पर्समध्ये ५०० युरो किंमत आणि १०० युरो कर. म्हणजे सगळा कर परत मिळाला तरी तो छापील किमतीच्या १६.६७ टक्केच होतो. आणि सगळा मिळत नाहीच. मधली कागदपत्रं सांभाळणारी ग्लोबल ब्लू किंवा प्लॅनेटसारखी कंपनी आपला वाटा कापते, काही दुकानंही कापतात. फ्रान्समध्ये हातात साधारण १२ टक्के पडतात असं धरून चाला. ६०० च्या पर्सवर ७२ युरो. वाईट नाही, पण मेसेजवाल्याने १२० चं स्वप्न दाखवलेलं असतं.

शिवाय दर सगळीकडे आणि सगळ्या वस्तूंना सारखा नसतो. जर्मनीत १९, इटलीत २२, स्पेनमध्ये २१. स्वित्झर्लंडमध्ये ८.१ टक्के, आणि तोही खाण्याच्या वस्तूंना नाही. आपली मंडळी तिथून बॅगा भरून आणतात ते चॉकलेट २.६ टक्क्यांत बसतं. तिथे एका दुकानात किमान ३०० फ्रँकची खरेदी लागते. ३०० फ्रँकच्या चॉकलेटमध्ये कर आठ फ्रँकही नसतो, त्यातून कंपनीची कापाकापी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

किमान खरेदीची अट मेसेजमध्ये कधीच नसते. फ्रान्समध्ये बिल १०० युरोच्या वर हवं, जर्मनीत ५० च्या वर. इटलीने आपली मर्यादा २०२४ मध्ये १५४.९४ वरून थेट ७० वर आणली. स्पेनने ती २०१८ मध्येच काढून टाकली, तिथे छोट्या खरेदीवरही मिळतो. शिवाय दुकान या योजनेत असावं लागतं. तशी सक्ती कोणावर नाही, कोपऱ्यावरचा दुकानदार सरळ नाही म्हणू शकतो.

‘सगळी बिलं जपून ठेवा’

नुसती बिलं निरुपयोगी आहेत. खरेदीच्या वेळीच पासपोर्ट दाखवून दुकानदाराकडून टॅक्स फ्रीचा फॉर्म करून घ्यावा लागतो. तो नसेल तर विमानतळावर बिलांचा गठ्ठा दाखवून काही होत नाही. आणि हॉटेल, जेवण, टॅक्सी, म्युझियमचं तिकीट यांचा तर प्रश्नच नाही. खाल्लेली बिर्याणी देशाबाहेर नेता येत नाही, म्हणजे तसं बघितलं तर नेता येते, पण कस्टमला दाखवता येत नाही.

‘लंडनला सगळ्यात जास्त’

हा मुद्दा शिळा झालाय. ब्रिटनने पर्यटकांचा व्हॅट परतावा १ जानेवारी २०२१ पासून बंद केला. सप्टेंबर २०२२ मध्ये अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी तो परत आणायची घोषणा केली, पुढच्याच महिन्यात त्यांच्या जागी आलेल्या जेरेमी हंट यांनी ती रद्द केली. आता ही सोय फक्त उत्तर आयर्लंडमध्ये आहे. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये एकच वाट उरते: दुकानदाराने माल थेट तुमच्या परदेशातल्या पत्त्यावर पाठवला तर तो व्हॅटशिवाय विकू शकतो. मग पार्सल भारतात आलं की आपलं सीमाशुल्क आहेच. तरी ऑक्सफर्ड स्ट्रीटवर ‘टॅक्स फ्री?’ म्हणून विचारणारे अजून दिसतात, त्यांचा दोष नाही, मेसेज २०२१ च्या आधीचा आहे.

‘बोर्डिंगच्या आधी काउंटरवर बिलं द्या’

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे, म्हणून जरा सविस्तर.

विमानतळावर दोन वेगळी कामं असतात. शिक्का कस्टमचा, पैसे कंपनीचे. पहिलं झाल्याशिवाय दुसरं होत नाही, आणि लोक सवयीने पैशांच्या रांगेत आधी उभे राहतात. कस्टमच्या अधिकाऱ्याला माल बघायचा असतो. माल जर मोठ्या बॅगेत असेल आणि ती बॅग चेक-इनला देऊन टाकली असेल तर काय दाखवणार? फ्रँकफर्टला याची पद्धत ठरलेली आहे. चेक-इनच्या काउंटरवर आधीच सांगायचं की बॅगेत टॅक्स फ्री माल आहे. ते बॅगेला टॅग लावून बॅग तुम्हालाच परत देतात. ती घेऊन कस्टमकडे जायचं, माल आणि फॉर्म दाखवायचा, शिक्का घ्यायचा, आणि बॅग तिथेच सोडायची. हे सगळं सिक्युरिटीच्या आधी. पर्स, घड्याळ असं हातातलं सामान असेल तर सिक्युरिटीनंतरच्या कस्टमकडे. माल कोरा दिसायला हवा, म्हणून त्यावरचा किमतीचा टॅग काढू नका, नवीन जॅकेट घालून फोटो काढायची घाई करू नका. निदान शिक्का बसेपर्यंत.

फ्रान्समध्ये पाब्लो नावाची यंत्रं आहेत. फॉर्मवरचा बारकोड धरला की पडद्यावर हिरवी खूण येते, झालं काम, शिक्क्याचीही गरज नाही. लाल आली तर अधिकाऱ्याकडे जायचं. पण ही यंत्रं फ्रान्समध्ये केलेल्या फॉर्मसाठी. इटलीतला फॉर्म पॅरिसच्या यंत्रात चालत नाही, फ्रान्समधला रोमच्या यंत्रात चालत नाही. अशा वेळी माणसाकडून शिक्काच घ्यावा लागतो, आणि त्या रांगेत सुट्टीच्या दिवसांत तासभर सहज जातो.

शिक्का कुठे घ्यायचा हा आणखी एक घोळ. युरोपीय संघातले देश एकच घर धरले जातात, त्यामुळे ज्या शहरातून तुम्ही संघ सोडता तिथे. पॅरिसहून फ्रँकफर्टमार्गे मुंबईला येताना हातातल्या सामानाचं काम फ्रँकफर्टला, मात्र बॅग पॅरिसहून थेट मुंबईपर्यंत टॅग झाली असेल तर तिच्यातल्या मालाचं पॅरिसला.

आणि आता आपल्या ग्रुप टूरची खास गंमत. पॅरिस, मग बसने स्वित्झर्लंड, टिटलिसचा बर्फ, आणि झुरिकहून परत. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. म्हणजे बस फ्रान्सची सीमा ओलांडून गेली तिथेच तुमचा पॅरिसचा माल संघाबाहेर गेला, आणि झुरिकच्या विमानतळावरचा स्विस अधिकारी फ्रान्सच्या फॉर्मवर शिक्का मारू शकत नाही. बस सीमेवर थांबणार का, तिथली कस्टमची चौकी त्या वेळी उघडी असणार का, हे टूर मॅनेजरला पॅरिस सोडण्याआधी विचारा. डुलकी लागलेली असताना सीमा मागे गेली की परतावाही गेला. टूर पुढे इटलीत जाऊन रोमहून परतत असेल तर मात्र काळजी नाही, संघ शेवटचा सोडताना रोमला काम होतं.

रोख पैशांबद्दल एवढंच. शहरातल्या काही काउंटरवर आधीच रोख मिळते, पण ती उचल असते. तारण म्हणून क्रेडिट कार्ड घेतात. शिक्का मारलेला फॉर्म मुदतीत त्यांच्यापर्यंत पोचला नाही तर दिलेली रक्कम दंडासकट कार्डावरून वसूल करतात. आणि ‘रुपयांत देऊ का?’ असं विचारलं तर नको म्हणा. त्या दरात तुमचा निम्मा आनंद जातो. कार्डावर युरोत घ्या, थोडे आठवडे लागतात.

‘भावाची खरेदी आपल्या पासपोर्टवर’

परतावा राहण्यावर ठरतो, पासपोर्टच्या रंगावर नाही. म्युनिकमध्ये नोकरी करणारा भाऊ भारतीय पासपोर्टवर असला तरी तिथला रहिवासी आहे, त्याला मिळत नाही. उलट जर्मन पासपोर्ट घेतलेली पण आता कायमची कोथरूडला राहायला आलेली व्यक्ती राहण्याचा पुरावा दाखवून घेऊ शकते. भावाचा लॅपटॉप तुमच्या नावावर घेऊन, शिक्का मारून, परत त्याच्या घरी ठेवून येणं याला जुगाड म्हणत नाहीत. खोटं निर्यातपत्र केल्याचा तो गुन्हा आहे. व्हिसा परत लागणार असतो हे लक्षात असू द्या.

युरोपाबाहेरचं थोडक्यात. दुबईत व्हॅटच ५ टक्के. किमान २५० दिरहमची खरेदी, त्यातल्या कराचे ८५ टक्के मिळतात आणि प्रत्येक फॉर्ममागे ४.८० दिरहम कापतात. १,०५० दिरहमच्या बिलात ५० दिरहम कर, हातात ३७.७०. सिंगापूरमध्ये ९ टक्के जीएसटी आणि किमान १०० सिंगापूर डॉलरची खरेदी, पण परतावा चांगी किंवा सेलेटार विमानतळावरूनच. सिंगापूर-मलेशिया टूरमध्ये बसने जोहोरला उतरून क्वालालंपूरहून विमान पकडणाऱ्यांना सिंगापूरच्या खरेदीवर काहीच मिळत नाही. मलेशियात तर २०१८ मध्ये जीएसटीच गेला आणि त्याच्याबरोबर पर्यटकांचा परतावाही. ऑस्ट्रेलिया उदार आहे: एकाच विक्रेत्याकडे किमान ३०० ऑस्ट्रेलियन डॉलरची खरेदी, ६० दिवसांच्या आत, आणि तिथे राहणाऱ्यांनाही मिळतो. म्हणजे सिडनीच्या भाच्याने तिकडून येताना आयफोन आणला तर तो स्वतःच मागू शकतो. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आई-बाबांनी मात्र बिलावरचा सेल्स टॅक्स विसरावा. तो राज्यांचा कर आहे, देशपातळीवरची अशी परताव्याची योजनाच नाही. ऑरेगन, डेलावेअरसारख्या राज्यांत तो मुळात लागतच नाही, हा भाग वेगळा.

‘टॅक्स फ्री आहे, मुंबईला काही दाखवायचं नाही’

हे वाक्य सगळ्यात महागात पडणारं. तिकडच्या सरकारने आपला कर सोडला, कारण माल भारतात चाललाय. भारताने आपलं शुल्क सोडलंय असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. ठरलेल्या रकमेपर्यंत माफी असते, त्यापुढे शुल्क. २०१६ च्या बॅगेज नियमांत ती रक्कम ५०,००० रुपये होती, निघण्याआधी सध्याची तपासून घ्या. ती माणशी असते आणि एकत्र करता येत नाही. नवरा-बायको-मुलगा मिळून एक दीड लाखाचं घड्याळ, हा हिशेब चालत नाही. आणि दुबईचं सोनं: दागिन्यांची माफी वर्षाहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे, पाच दिवसांच्या शॉपिंग फेस्टिव्हलवाल्यांसाठी नाही. दिरहममध्ये चार टक्के वाचवून रुपयांत शुल्क आणि दंड भरणारे लोक असतात. तिकडचा शिक्का मारलेला फॉर्म इकडे उलट तुमच्याच विरुद्धचा पुरावा ठरतो, त्यावर किंमत छापलेली असते.

मेसेजच्या एका आवृत्तीत शेवटी टोमणाही असतो, की परदेशी लोकांना आपण भारतात हीच सोय देतो. देत नाही. २०१७ च्या आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी) कायद्यात कलम १५ तेवढ्यासाठीच आहे, सहा महिन्यांपर्यंत येणाऱ्या पर्यटकाला माल बाहेर नेताना कर परत करायचा. पण बाकीची कलमं लागू करणाऱ्या अधिसूचना निघाल्या तेव्हा हे कलम मागे ठेवलं गेलं, ते मागेच राहिलं. येवल्याची पैठणी घेणारी फ्रेंच बाई जीएसटी पूर्ण भरते, आणि मुंबईच्या विमानतळावर तिने विचारलंच तर तिला दाखवायला आपल्याकडे काउंटर नाही.