‘तांबं ते तांबं’ म्हणून चालत नाही: जुन्या मोटारसायकलच्या वायरिंगवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

जुन्या गाड्या जपणाऱ्या नाशिककरांच्या फोनवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘जुन्या बुलेटचं, येझदीचं, राजदूतचं वायरिंग करायला खास हार्नेस (सगळ्या वायरींचा बांधलेला तयार जुडगा) लागत नाही. घरात २३० व्होल्ट वाहून नेणारी वायर सहा व्होल्टला का पुरणार नाही? तांबं ते तांबं. मिळेल त्या रंगाची बारीक वायर आणा, सांधे सोल्डर करा, वरून काळी टेप गुंडाळा. ओरिजिनल दिसायला हवी असेल तर कापडी वायर घाला. जुना हार्नेस भंगारात द्या. योग्य सामान शोधत बसू नका, ते नाशकात मिळतच नाही.’

मेसेज लिहिणाऱ्याची तळमळ मला कळते. विलायतेहून मागवलेल्या हार्नेसची किंमत ऐकून अनेकांनी गाडी तशीच झाकून ठेवलेली मी पाहिली आहे. पण हा सल्ला वाचून लोक प्रत्यक्ष गाड्या उघडून बसतायत, म्हणून एकेक वाक्य तपासून घेऊ.

आधी २३० व्होल्टचा मुद्दा, कारण तोच सगळ्यांना चटकन पटतो. व्होल्टेजवरून ठरतं ते वायरीचं आवरण. आतलं तांबं किती जाड हवं ते ठरतं करंटवरून. घरातला ३५ वॉटचा दिवा २३० व्होल्टवर जेमतेम ०.१५ अँपिअर घेतो. तेवढ्याच वॉटचा हेडलाईटचा बल्ब सहा व्होल्टवर ५.८ अँपिअर घेतो, म्हणजे जवळजवळ चाळीस पट. आता बॅटरीपासून अ‍ॅमीटर, तिथून स्विच, मग डिपरचा स्विच आणि बल्ब असा वायरीचा सगळा रस्ता मिळून तीन मीटर धरा. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरीत या रस्त्यावरच सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. घरच्या २३० व्होल्टमध्ये ०.७ व्होल्ट कुणाच्या खिजगणतीत नाहीत. सहा व्होल्टमध्ये मात्र ते ११ टक्के झाले. फिलामेंटच्या बल्बचं व्होल्टेज ११ टक्के घटलं की उजेड सुमारे एक तृतीयांशाने घटतो.

जुन्या गाडीचा लाईट मिणमिणताच असायचा, असं म्हणून आपण सोडून देतो. पुष्कळदा बल्ब आणि डायनॅमो दोन्ही ठणठणीत असतात, वायरच बारीक असते. पावसात रात्री कसारा घाट उतरणाऱ्याला या एक तृतीयांश उजेडाचं मोल विचारा. सहा व्होल्टच्या गाडीत हेडलाईटला निदान १ चौरस मिलिमीटर, जमलं तर १.५ घ्यावी. बॅटरी, अ‍ॅमीटर आणि मेन स्विच यांच्यामधल्या वायरीतून लाईट, हॉर्न सगळ्यांचा करंट एकत्र जातो, तिथे २ ते २.५ हवी. बुलेटच्या कॅस्केटमध्ये (हेडलाईट आणि मीटर बसतात तो पुढचा भाग) अ‍ॅमीटरच्या मागे जळून काळे पडलेले थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपणं) दिसतात, ते बहुधा इथेच कंजुषी केल्यामुळे.

मेसेजमधलं अर्धं सत्यही मान्य करतो. चांगल्या कंपनीच्या १ चौरस मिलिमीटर घरगुती वायरीत ०.३ मिलिमीटरच्या १४ तारा असतात, आणि ब्रिटिश गाड्यांच्या हार्नेसमध्ये साध्या कामाची वायर नेमकी अशीच असायची. तांब्याबद्दल तक्रार नाही, अडचण आवरणाची आहे. साधी घरगुती वायर ७० अंश सेल्सिअसच्या हिशेबाने बनते, भिंतीतल्या पाइपात निवांत पडून राहण्यासाठी. मोटारगाडीच्या वायरीला ८५ किंवा १०५ अंशांचं मानांकन असतं. टाकीखाली, सिलिंडर हेडच्या डोक्यावर, पेट्रोल आणि ऑइलच्या सोबतीत साध्या पीव्हीसीचा मऊपणा निघून जातो. ती कडक होते आणि हँडल वळतं तिथेच तडकते.

‘मिळेल त्या रंगाची’ हे तर त्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य. लुकास या ब्रिटिश कंपनीचं वायरिंग असलेल्या जुन्या ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन या बहुतेक पॉझिटिव्ह अर्थच्या (अर्थिंगच्या) गाड्या असतात. बॅटरीचा पॉझिटिव्ह फ्रेमला जोडलेला असतो आणि लाल वायर ही अर्थ असते. बॅटरीकडून येणारी मुख्य लाईव्ह वायर तपकिरी, तिच्यावर निळा पट्टा. घरचं काम करणारा वायरमन लाल दिसली की फेज धरतो. यामाहाचं उलट आहे: लाल बॅटरीची, तपकिरी किल्लीनंतरची, काळी अर्थ, पिवळी अपरची (हेडलाईटचा लांबचा झोत), हिरवी डिपरची (जवळचा झोत). घराच्या वायरिंगमध्ये हिरवी म्हणजे अर्थ. तीन पद्धतींत अर्थची वायर तीन रंगांची, आणि चौथी आपण मनाने काढली तर उद्या ती गाडी उघडणाऱ्याने काय समजायचं?

पट्ट्याची वायर हवी ती यासाठीच. मेकॅनिक तिला ट्रेसर म्हणतात. लुकासमध्ये निळी वायर डिपरच्या स्विचपर्यंत जाते. तिथून पुढे निळ्यावर पांढरा पट्टा अपरला आणि निळ्यावर लाल पट्टा डिपरला. हिरव्यावर लाल म्हणजे डावा इंडिकेटर, हिरव्यावर पांढरा म्हणजे उजवा. निळ्या घराण्यातली वायर दिसली की ती हेडलाईटचीच, हे डूम (हेडलाईटची वाटी) न उघडता कळतं. घरगुती वायर पाच-सात सपाट रंगांत मिळते, तिच्यावर ट्रेसर नसतो. टेस्ट लॅम्प लावून शोधता येतं म्हणणाऱ्यांनी अंधारात, भर पावसात, त्र्यंबक रोडच्या कडेला उभं राहून एकाच रंगाच्या अकरा वायरींमधून ब्रेकलाईटची शोधून दाखवावी.

इथेच जुना हार्नेस भंगारात देण्याचा सल्लाही निकालात निघतो. तो हार्नेस म्हणजे तुमच्या गाडीचा एकमेव खात्रीचा नकाशा आहे. टोकांकडे पाहून तो वाचता येत नाही, कारण डूममध्ये उष्णता, धूळ आणि तेलाने सगळ्या वायरी एकाच मातकट रंगाच्या झालेल्या असतात. टाकीखालच्या भागात स्लीव्हला ब्लेडने दोन इंच उभी चीर द्या. आतली वायर साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा. जिथे ऊन आणि हवा कधी पोचलीच नाही, तिथे निळ्यावरचा लाल पट्टा कालच भरल्यासारखा लखलखीत निघतो. मग हार्नेस प्लायवूडवर पसरा, प्रत्येक फाट्याला खिळा ठोका, शेजारी रंग आणि जाडी लिहा. नवीन वायरी त्याच खिळ्यांवरून न्यायच्या. मापं घेताना स्टिअरिंगपाशी ढील सोडा. हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहिल्याशिवाय टेप लावू नका. जुन्या हार्नेसमधले पितळी कनेक्टर, रबरी ग्रोमेट, फ्यूजचा डबा साफ करून पुन्हा वापरता येतात. वायर मात्र वापरू नका: टोक सोलून तारा काळ्या किंवा हिरव्या पडलेल्या दिसल्या की ती संपली. तिच्यावर सोल्डर धरत नाही आणि क्रिंप (चेपून बसवलेलं टर्मिनल) तापतो.

कापडी वायरीबद्दल थोडक्यात. ब्रिटिश गाड्यांमध्ये रबरावर सुती वीण आणि तिच्यावर लाखेचा हात अशी वायर होती खरी, पण पन्नाशीच्या दशकात पीव्हीसी आली आणि ती मागे पडली. जावा-येझदी बनवणाऱ्या म्हैसूरच्या आयडियल जावाचं उत्पादन १९६१ला सुरू झालं, राजदूत ३५० आली १९८३ला, यामाहाची आरएक्स १०० आली १९८५ला. या गाड्यांवर कापडी वायर चढवणं म्हणजे त्यांना नसलेला इतिहास चिकटवणं. शिवाय बाजारात सजावटीच्या दिव्यांसाठी मिळणारी रंगीत कापडी वायर मोटारगाडीची नव्हे. तिची वीण पाणी धरून ठेवते. तुमच्याकडे खरंच १९४०च्या दशकातली गाडी असेल तर आत पीव्हीसी आणि वर लाखेची वीण अशी खास वायर मागवावी लागेल, आणि तिथे खर्च करणं योग्यच आहे.

सोल्डर म्हणजे पाप असं मी म्हणणार नाही. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बुलेट पिना (वायरी जोडायच्या, गोळीच्या आकाराच्या पिना) सोल्डर केलेल्या असत. पण मेसेज सांगतो तसा, वायर मधूनच जोडून सोल्डर करायचा आणि टेप मारायची, हा प्रकार टिकत नाही. वितळलेला सोल्डर तारांमध्ये शोषला जातो आणि तेवढा भाग ताठ होतो. एका सिलिंडरच्या गाडीचा थरथराट त्या ताठ भागाच्या कडेवर येतो आणि वायर बरोबर तिथेच तुटते, बऱ्याचदा टेपच्या आत, डोळ्यांना न दिसता. चांगल्या उघड्या क्रिंप टर्मिनलला पाकळ्यांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी तांब्याला धरते, मागची आवरणाला. झटका मागच्या जोडीवर जातो, तांब्यावर येत नाही. पकडीने चेपलेलं टर्मिनल म्हणजे क्रिंप नव्हे. त्या पाकळ्या आत वळवणारा क्रिंपर वेगळा येतो, तो घ्याच. पिना घेताना गाडी कुठली ते बघा: ब्रिटिश बुलेट पीन ४.७ मिलिमीटरची, जपानी ३.९ची. जपानी पीन ब्रिटिश कनेक्टरमध्ये शिरते, बसल्यासारखी वाटते, आणि महिन्याभरात लाईट लुकलुकायला लागतो.

काळी चिकट टेप आपल्याकडच्या उन्हाळ्यात तग धरत नाही. एप्रिल-मेमध्ये गाडी उन्हात उभी राहिली की गोंद पाझरतो, त्यावर धूळ बसते आणि टेप सरकून सांधे उघडे पडतात. कारखान्यात हार्नेसवर गुंडाळतात ती बिनगोंदाची पीव्हीसी टेप. तिचं फक्त शेवटचं टोक बांधायचं असतं. जावा किंवा यामाहाच्या लांब सरळ भागाला काळी पीव्हीसी स्लीव्ह उत्तम.

फ्यूजबद्दल मेसेज गप्प आहे, पण त्याला आलेल्या उत्तरांत ‘लुकासमध्ये ३५चा असतो, तोच टाका’ असं बिनधास्त लिहिलंय. लुकासच्या काचेच्या फ्यूजवरचा ३५ हा आकडा तो उडण्याचा आहे. सततचा करंट तो सुमारे १७ अँपिअरच पेलतो. आजच्या चपट्या ब्लेड फ्यूजवरचा आकडा सततच्या करंटचा असतो. त्यातला ३५चा टाकला तर फ्यूज शाबूत राहील आणि हार्नेस जळेल. अशा जागी १५चा बसवा.

आता ‘नाशकात मिळत नाही’ याबद्दल. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती असलेल्या, स्विचगिअर आणि कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या गावाबद्दल हे कुणी लिहावं याचं मला खरंच वाईट वाटतं. पॅनेलवाल्यांना रोज लागतं तेच निम्मं सामान आपल्याला लागतं: कथिलाचा मुलामा दिलेले तांब्याचे थिंबल, सगळ्या व्यासांची पीव्हीसी स्लीव्ह, हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी), क्रिंपर. त्यांना पुरवठा करणाऱ्या दुकानांत जाऊन मागा, किरकोळ देतात. सपाट रंगाची ऑटो वायर आग्रा रोडवर ट्रकची कामं करणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनांना ठाऊक असलेल्या दुकानांतून मिळते. विकत घेण्याआधी टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनिअम आहे, उठून चालू लागा. बाजारातल्या स्वस्त रेडिमेड वायरिंग किटलाही हीच परीक्षा लावा. रोजच्या वापरातल्या आरएक्ससाठी या परीक्षेत उतरलेलं किट घ्यायला माझी काही हरकत नाही.

बाहेरून मागवावं लागतं ते मुख्यतः दोनच गोष्टींसाठी: ट्रेसरची वायर आणि ब्रिटिश मापाच्या बुलेट पिना. पुण्याची नाना पेठ, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं करोल बाग इथे आधी फोन करून विचारा, आणि मीटरवर कापून देणारा विक्रेता निवडा. एका गाडीला एकेका ट्रेसर रंगाची दोन-तीन मीटर वायर लागते, अख्खं बंडल कुणालाच परवडत नाही. एकाच मेकच्या गाड्या असलेल्या चार जणांनी मिळून बंडलं मागवली आणि वाटून घेतली, तर परवडतं. येझदीवाल्यांनी आणि आरएक्सवाल्यांनी आपापली रंगांची यादी करून ठेवावी. पावसाळ्यात गाड्या तशाही उभ्या असतात, तेव्हाच ऑर्डर टाकू.