‘गुणाकार भागिले बेरीज’ फक्त दोघांसाठी

दहावीच्या लेकरांच्या ग्रुपवर सध्या विजेच्या परिपथातला (सर्किटमधला) एकूण रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, काढायची एक ‘ट्रिक’ फिरतेय. भाच्यानं ती वहीच्या पुठ्ठ्यावर उतरवून ठेवली होती: ‘एकसर असेल तर बेरीज. समांतर असेल तर गुणाकार भागिले बेरीज, रोध कितीही असोत. वीज सोप्या वाटेनंच जाते, म्हणून सगळ्यांत मोठा रोध सोडून द्या. समांतरमध्ये उपकरणं वाढली की रोध वाढतो.’ एकसर म्हणजे एकामागं एक जोडलेले रोध, समांतर म्हणजे त्याच दोन टोकांमध्ये शेजारी-शेजारी जोडलेले. चारातलं पहिलं तेवढं बरोबर.

गुणाकाराचं बघू. 2, 3 आणि 6 ओहमचे (ओहम हे रोधाचं एकक) तीन रोध समांतर जोडले. ट्रिकनं 36 भागिले 11, म्हणजे 3.27. समांतरचं उत्तर सगळ्यांत लहान रोधापेक्षाही लहान यायला पाहिजे. इथं ते 2 च्या वर गेलं, तिथंच पेन थांबायला हवा होता. शिवाय तीन ओहमांच्या गुणाकाराला ओहमनं भागलं की ओहमचा वर्ग उरतो, आणि ते काही रोधाचं एकक नाही. बेरीज करायची ती व्यस्तांची, म्हणजे 1 भागिले रोध यांची: 1/2 + 1/3 + 1/6 = 1, म्हणून परिणामी रोध 1 ओहम. दोनच रोध असले की याच सूत्रातून गुणाकार भागिले बेरीज निघतं. तेच वापरायची हौस असेल तर दोन-दोन घ्या. 2 आणि 3 चे 1.2 झाले, 1.2 आणि 6 चे 7.2 भागिले 7.2. परत 1 च.

सोप्या वाटेचं म्हणाल, तर याच परिपथाला 6 व्होल्ट द्या. धारा (विजेचा प्रवाह) 3, 2 आणि 1 अँपिअर अशी वाटली जाते. मोठ्या रोधातून कमी जाते, पण जाते. तो सोडून दिला तर वहीत 5 येतील, धारा मोजणारा अमीटर 6 दाखवेल.

चौथी गोष्ट मात्र आपल्याकडं पुस्तकाशिवाय कळते. रब्बीत थ्री फेज आली की आधी आखाड्यावरचा, म्हणजे शेतातल्या खोपीवरचा बल्ब लख्ख असतो. मग ऑटोस्विचवरच्या (वीज आली की आपोआप चालू होणाऱ्या) पाण्याच्या मोटारी एकामागून एक सुरू होतात आणि बल्ब लाल पडत जातो. कधी डीपीचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरचा) फ्यूजच उडतो. रोध वाढला असता तर धारा कमी झाली असती, फ्यूज कशाला उडाला असता?

मोटार म्हणजे नुसता रोध नव्हे, पण समजण्यापुरतं धरू. डीपीवर 230 व्होल्ट, तारेचा रोध 1 ओहम, पुढं 23 ओहमचा एक भार, म्हणजे वीज घेणारं उपकरण. एकूण 24 ओहम. भाराला साधारण 220 व्होल्ट मिळतात. असे दहा भार समांतर जोडले की त्यांचा रोध 2.3 ओहमवर येतो. तारेचा 1 ओहम एकसरच, तो आहे तिथंच. एकूण 3.3, धारा जवळपास 70 अँपिअर. तेवढे 70 व्होल्ट तारेतच जातात आणि आखाड्यावर पोचतात 160.

भाच्यानं पुठ्ठा फाडला नाही, ‘कितीही’ खोडून ‘दोनच’ लिहिलं. खालच्या दोन ओळींवर काट मारली.