समुद्राचं पाणी वाटेत गोडं करून प्या म्हणणाऱ्यांसाठी

थंडी सुरू झाली की कोकण किनाऱ्याने पायी जायचे बेत शिजायला लागतात आणि त्यासोबत एक मजकूरही हमखास फिरायला लागतो. त्याचा सारांश असा : किनाऱ्याने चालताना पाण्याचं ओझं वाहणं हा वेडेपणा आहे, शेजारी अख्खा समुद्र पडलाय. पाणी उकळून वाफ धरा. नाहीतर पुळणीत खड्डा खणून वर प्लास्टिक ताणा. नाहीतर वाळूतून गाळून घ्या, सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या गोड्या विहिरी हा त्याचाच पुरावा. डोंगरात वापरतो ती गाळणीची नळीही चालते. अगदीच अडलं तर गोड्या पाण्यात थोडं खारं मिसळून प्या, एका फ्रेंच डॉक्टरने समुद्राचं पाणी पिऊनच अटलांटिक पार केला.

यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, आणि लोक फसतात ते त्या थोड्याशा तथ्यामुळेच.

पहिला मुद्दा उकळण्याचा. वाफ गोडी असते आणि मीठ खाली राहतं, याबद्दल वादच नाही. प्रश्न हिशेबाचा आहे. लिटरभर पाण्याला आधण आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळपास आठपट उष्णता त्या आधणाची पूर्ण वाफ करायला लागते. ट्रेकच्या छोट्या शेगडीचं २३० ग्रॅम गॅसचं कार्ट्रिज घ्या आणि निम्मी उष्णता तरी भांड्याला लागेल असं धरा. सगळीच्या सगळी वाफ हाती आली तर त्यात जेमतेम दोन लिटर पाणी मिळेल. ती सगळी हाती येत नाही. सांगितलेली पद्धत अशी की पातेल्यात मधोमध वाटी ठेवायची, वर झाकण उलटं ठेवायचं आणि त्यात थंड पाणी ओतायचं. घरी ओट्यावर करून पाहा. कडेकडेने वाफ फुसफुसत निघून जाते, झाकणातलं थंड पाणी बघता बघता कोमट होतं, आच वाढवली की उकळतं पाणी उडून वाटीत पडतं आणि वाटीतलं पाणी पुन्हा खारट होतं. आच मंद ठेवली तर वाटी भरता भरत नाही. पुळणीवर यात वाऱ्याची भर पडते. लिटरभर पाण्यासाठी तास-दीड तास आणि अख्खं कार्ट्रिज गेलं तर नवल नाही. उन्हात दिवसभर चालणाऱ्याला चार-पाच लिटर लागतात, म्हणजे चालायचं कधी? शिवाय गॅस घेऊन रेल्वेने जायला बंदी आहे, तेव्हा कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी तो बेत तिथेच सोडावा. सुरूच्या बनातल्या काटक्या पेटवायचा सल्ला तर कुणी देऊच नये. सुरूची वाळलेली पानं कशी भडकतात ते किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा.

खड्डा आणि प्लास्टिक. ही युक्ती ऐकीव नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या रे जॅक्सन आणि कॉर्नेलियस व्हॅन बाव्हेल या शास्त्रज्ञांनी ती १९६५ साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडली, पण ती वाळवंटासाठी. जमिनीतला ओलावा आणि तोडून टाकलेल्या झाडोऱ्यातलं पाणी उन्हाने वर येतं, प्लास्टिकला लागतं आणि मधल्या दगडाच्या भाराने खालच्या भांड्यात ठिबकतं. खाऱ्या ओल्या वाळूवरही ती चालते, फक्त फार थोडं देते. मीटरभराच्या एका खड्ड्यातून दिवसाला अर्धा ते एक लिटर मिळालं तर नशीब. आता दुसरी बाजू पाहा. दमट उन्हात फावड्याविना खड्डा खणणाऱ्याच्या अंगातून तासाला अर्धा-पाऊण लिटर घाम सहज जातो. एकाच जागी दोन-चार दिवस अडकून पडलात तर खड्ड्याला अर्थ आहे. संध्याकाळपर्यंत पुढचं गाव गाठायचं असेल तर तो फक्त घाम काढतो.

आता सिंधुदुर्ग. यावर जरा थांबायला हवं, कारण इतिहासाचं नाव आलं की लोक शंका काढायला कचरतात. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ साली किल्ल्याचं काम सुरू झालं. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी आहेत, आणि चहूबाजूंनी समुद्र असून त्यांचं पाणी गोडं आहे. हे अगदी खरं. पण म्हणून दगडाने किंवा वाळूने समुद्र गाळला, असं होत नाही. ते पाणी पावसाचं आहे. किल्ल्याचा आवाका सुमारे ४८ एकरांचा. या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर एवढ्या जागेवर साधारण ४८ कोटी लिटर पाणी पडतं. त्याचा दहावा हिस्सा जरी जमिनीत मुरला तरी पावणेपाच कोटी लिटर झालं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे बेटांवर आणि किनाऱ्यालगत मुरलेलं पावसाचं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. महाराजांच्या माणसांचं खरं कसब दिसतं ते बेटावर हे पाणी कुठे लागेल ते ओळखण्यात. त्याऐवजी 'वाळू मीठ गाळते' हा शोध त्यांच्या माथी मारणं म्हणजे त्यांना कमी लेखणं.

दगड-मातीतून मीठ गाळलं जात असतं, तर खाडीकाठच्या विहिरी मे महिन्यात मचूळ झाल्याच नसत्या. पंप लावून उपसा वाढला की वरचा गोडा थर पातळ होतो आणि खालचं खारं वर चढतं, हे तिथल्या कुठल्याही बाईला कळशी भरतानाच कळतं.

यातून एक उपयोगाची गोष्ट मात्र निघते. भरतीच्या रेषेच्या बरंच आत, वाळूच्या पहिल्या उंचवट्यामागे खणलं तर कधी कधी पिण्याजोगं पाणी लागतं. पाणी दिसलं की तिथेच थांबायचं. 'अजून थोडं खणू, जास्त येईल' म्हणून खोल गेलं की खारं लागतं. आणि ओहोटीच्या ओल्या वाळूत कितीही खणा, तो समुद्रच आहे.

गाळणीच्या नळीबद्दल चार ओळी पुरेत. तिची छिद्रं ०.१ ते ०.२ मायक्रॉनची. त्यात जिवाणू अडकतात, पण विरघळलेलं मीठ त्याहून शेकडो पटींनी बारीक असल्याने सरळ पार होतं. तुरटी गढूळपणा खाली बसवते, मिठाला हात लावत नाही. घरच्या आरओचाही इथे उपयोग नाही. समुद्राच्या पाण्यातून मीठ मागे ठेवायला निसर्गतःच सुमारे २७ बारचा दाब ओलांडावा लागतो, घरच्या यंत्राचा पंप पाच-सहा बारचा. हाताने दाबायचे खास पंप मिळतात, होडीवरच्या लोकांसाठी. त्यातला कटाडिन कंपनीचा छोटा पंप किलोभराचा आहे आणि तासभर दाबत राहिलं की लिटरभराच्या आतच पाणी देतो. किंमत लाखाच्या घरात.

उरला मिसळून प्यायचा सल्ला, आणि तो सगळ्यात घातक. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. आपलं मूत्रपिंड लघवी इतकी खारट करू शकत नाही, म्हणून ते मीठ बाहेर टाकायला प्यायलेल्या पाण्याहून जास्त पाणी अंगातून जातं. एक भाग खाऱ्यात तीन भाग गोडं मिसळलं तरी लिटरमागे नऊ ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. यावर कुणी म्हणेल, ओआरएसमध्येही मीठच असतं ना? असतं, लिटरला २.६ ग्रॅम. समुद्राचं पाणी तेवढं पातळ करायला एका भागाला बारा-तेरा भाग गोडं पाणी लागेल. ते जवळ असेल तर समुद्राकडे बघायचंच कशाला!

फ्रेंच डॉक्टर म्हणजे अलँ बोंबार. १९५२ साली ते रबरी होडीतून बार्बाडोसला पोहोचले हे खरं, पण वाटेत पावसाचं पाणी आणि माशांच्या अंगातला रसही त्यांच्या पोटात गेला. पुढे हानेस लिंडेमान या जर्मन डॉक्टरने स्वतः अटलांटिक पार करून बोंबार यांचा दावा खोडला. दुसऱ्या महायुद्धात जहाजं बुडाल्यावर होड्यांतून भरकटलेल्यांच्या १६३ प्रवासांची नोंद ब्रिटिशांनी तपासली, तेव्हा समुद्राचं पाणी प्यायलेल्यांत ३९ टक्के दगावलेले आढळले, न प्यायलेल्यांत ३ टक्के. एका जिवंत राहिलेल्या माणसाची गोष्ट पसरते, या आकड्यांची पसरत नाही.

मुळात आपल्याकडे ही वेळ येतेच कशाला? श्रीवर्धन असो की गुहागर, किनाऱ्यावर ठरावीक अंतराने वाडी आहे, विहीर आहे आणि मागितलं तर पाणी देणारं घर आहे. अडचण येते ती दोन गावांमधल्या खडकाळ टोकांवर. भरतीने वाट बंद झाली की तिथे तीन-चार तास उन्हात बसावं लागतं, म्हणून भरतीची वेळ पाहून निघायचं आणि टोक चढण्याआधी शेवटच्या वाडीत सगळ्या बाटल्या भरून घ्यायच्या. डिसेंबरपर्यंत काही पऱ्ह्यांना, म्हणजे लहान ओढ्यांना, पाणी असतं, मार्चनंतर त्यांच्या भरवशावर राहू नये. विहिरीचं किंवा पऱ्ह्याचं पाणी घेतलं तर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा, मग प्या.